बुडावरचा ठिपका

परवा थोरात सर पितळेची पाटी घेऊन दुकानात आले. मजकूर कागदावर लिहून आणला होता, निवृत्त हेडमास्तरच्या वळणदार अक्षरात. 'या मंडळीच्या नवजीवनासाठी अहोरात्र झटलेल्या सिस्टर दिनाबाई यांच्या कृतज्ञ स्मरणार्थ.' आमच्या चर्चच्या मागं जेवणाचा नवा हॉल बांधलाय, त्याच्या दारावर लावायची पाटी. "शमू, नाव जरा ठसठशीत घाल," सर म्हणाले. "बाईंनी फार केलं आपल्यासाठी." माझ्या जिभेवर शिवी आली होती, अस्सल कोल्हापुरी. मी "हो सर" म्हटलं आणि पाटी ठेवून घेतली.

पाटी मी करून देणारच. कुणाला नाही म्हणायची हिंमत माझ्यात कधीच नव्हती, आणि ही सगळी रड त्याचीच आहे. पण पाटीवर दोन ओळी मावतात. उरलेलं इथं लिहितोय.

महाद्वार रोडच्या एका बोळात माझं भांड्यांवर नावं घालायचं दुकान आहे. दुकान कसलं, खोकंच. एक टेबल, एक स्टूल, एक विजेची सुई. रुखवताची भांडी, बारशाच्या वाट्या, मयताच्या नावानं वाटायचे तांबे, सगळं माझ्या हाताखालून जातं. सुई सुरू झाली की दात शिवशिवतील असा आवाज होतो, त्यामुळं गिऱ्हाईक फार वेळ थांबत नाही. सिस्टर थांबायच्या. स्टुलावर बसून माझा चहा पिऊन टाकायच्या आणि आवाजाच्या वर आवाज काढून बोलायच्या.

सिस्टर म्हटलं की लोकांना पांढऱ्या झग्यातली नन आठवते. आमच्या सिस्टर नर्स होत्या. पस्तीस-एक वर्षं जनरल वॉर्ड सांभाळून रिटायर झालेल्या. बुटक्या, रुंद, चालताना डावा पाय जरा ओढायच्या. साडीवर छातीपाशी नर्सचं उलटं घड्याळ पिनेनं लावलेलं असायचं, ते रिटायर झाल्यावरही निघालं नाही. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "रात्रपाळी व्हती." कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं येतो, जातो, सांगतो असं बोलायच्या, आणि सांगायच्या कमी, दम जास्त द्यायच्या.

आम्हा ख्रिस्ती माणसांत भेटल्यावर सलाम म्हणायची पद्धत आहे. इतर लोक सलाम म्हणून हात मिळवतात. सिस्टर मनगट धरायच्या. घड्याळाकडं बघायच्या, ओठ हलायचे, मग मनगट सोडून म्हणायच्या, "सलाम. बरा हाईस." किंवा, "सलाम. भांडून आलाईस व्हय रं?" नाडीवरून त्यांना सगळं कळतं अशी त्यांची स्वतःची पक्की समजूत होती. आमची अर्धी होती.

त्यांचा एक किस्सा मी इतक्या वेळा ऐकलाय की मला पाठ आहे. वॉर्डात पेशंटपाशी गावाकडनं आलेले नातेवाईक दोन-दोन दिवस बसून असायचे. दुपारी सिस्टर आपला डबा उघडायच्या आणि विचारायच्या, "जेवला का?" एकजात सगळे म्हणायचे, "जेवून आलोय." सिस्टर मनगट धरायच्या. "उपाशी माणसाची नाडी येगळी लागती," असं त्यांचं म्हणणं. मग अर्धी चपाती जबरदस्तीनं हातात. "लेका, दुनियेत सगळ्यात जास्ती खोटं जर कुठलं बोलत असतील, तर 'जेवून आलोय'. मला नको शिकवू." हे सांगून त्या खो-खो हसायच्या आणि माझा चहा संपवायच्या.

त्या रिटायर झाल्या तेव्हा आमचं चर्च मेल्यात जमा होतं. दगडी इमारत, उंच छत, लांबच लांब बाक आणि रविवारच्या उपासनेला तीस डोकी. नाताळाला पाय ठेवायला जागा नसायची, पण एरवी छतातली कबुतरं माणसांपेक्षा जास्त. तरुण पोरं गिटार-ड्रमवाल्या नव्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये, पळाली होती. आमचे पाळकसाहेब, म्हणजे पाद्री, भला माणूस, पण वडिलांना फार भिऊन. वडील म्हणजे त्यांचे बाप नव्हेत. चर्चचा कारभार बघायला जी मातब्बर माणसं निवडतात त्यांना आमच्यात वडील म्हणतात. थोरात सर वडिलांतले मुख्य.

रिटायर झाल्यावरच्या दुसऱ्याच रविवारी सिस्टरनी पहिला बार उडवला. पाळकसाहेबांचा उपदेश पाऊण तास चालला होता. सिस्टर बाकावरनं उठल्या, छातीवरचं घड्याळ बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाळकसाहेब, थांबा जरा. पेशंट झोपलाय." मागच्या बाकावर खरंच एकजण घोरत होते. लोक हसले. पाळकसाहेबही बिचारे हसले. "वीस मिनिटं हा डोस," सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या फुडं रिॲक्शन येती." त्या दिवसापासून उपदेश वीस मिनिटांवर आला. देवाशपथ सांगतो, चांगलाही व्हायला लागला.

मग बाक. आमच्यात प्रत्येक घराण्याचा बाक ठरलेला. नाव नाही, चिठ्ठी नाही, पण डावीकडचा दुसरा थोरातांचा म्हणजे थोरातांचा. ते मुंबईला गेले तरी बाक रिकामा राहायचा. सिस्टर दर रविवारी वेगळ्याच बाकावर जाऊन बसायला लागल्या. एकदा थोरातबाईंच्या जागेवर पर्स ठेवून बसल्या. थोरातबाई बाजूला उभ्या, तोंड कसनुसं. सिस्टर सरकल्या आणि बाकावर हात आपटून म्हणाल्या, "बसा की! चर्च म्हंजे जनरल वॉर्ड हाय. हितं स्पेशल रूम मागायची न्हाय." हे वाक्य पुढं त्यांनी इतकं वापरलं की पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात घेतलं.

सोमवारी राऊंड. हा शब्दही त्यांचाच. रविवारी जो आला नाही त्याच्या दारात सोमवारी छत्री घेऊन सिस्टर हजर. वहीत बाकांचा नकाशा काढलेला, वॉर्डातल्या खाटांसारखा. कोण आलं नाही, का आलं नाही, सगळं त्यात. "तब्येत बरी न्हवती" म्हटलं की मनगट धरायच्या. मनगटात सापडलं नाही तर म्हणायच्या, "तब्येत झकास हाय. मन आजारी दिसतंय. चहा टाक, ऐकतो." आणि ऐकायच्या. घरात नवऱ्याशी अबोला, मुलाची नोकरी, सासूचं दुखणं, दोन-दोन तास ऐकायच्या. जाताना एखादं गीत म्हणायला लावायच्या. स्वतःचा गळा असा की चाल कुठल्या कुठं जायची, पण लाज म्हणून नाही. "उपासना म्हंजे सिनेमा न्हवं, फुडं चाललंय नि आपण बगत बसलोय. तुझ्या तोंडातनं आवाज आला पायजे." वर्षभरात लोक चर्चमध्ये तोंड उघडून गायला लागले. माइकवर चौघांनी गायचं आणि बाकीच्यांनी पुस्तक धरून उभं राहायचं, हे आपोआप बंद पडलं. बाक भरले. खोटं कशाला बोलू, त्या दोन वर्षांत मला रविवारची वाट बघावीशी वाटायची. लहानपणापासून पहिल्यांदा.

साक्षही त्यांनी सुधारली. उपासनेत मध्ये उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं ते कुणीही सांगावं, याला आम्ही साक्ष म्हणतो. आमच्यात साक्षी कसल्या व्हायच्या? मुलाला गाडी मिळाली, देवाची स्तुती असो. फ्लॅटचं पझेशन मिळालं, देवाची स्तुती असो. सिस्टर एकदा उठून म्हणाल्या, "हे मोठेपण सांगणं झालं. कुणी चुकला असंल तर सांगा की. डॉक्टरफुडं कोण काय दुखत न्हाय ते सांगतंय व्हय?" दोन रविवार कुणी उठलं नाही. तिसऱ्या रविवारी एक रिटायर क्लार्क उठला आणि भावाशी बारा वर्षं बोललो नाही म्हणून रडला. भाऊ तीन बाक सोडून बसला होता. त्या दिवशी चर्चमध्ये सगळ्यांचे डोळे ओले झाले, माझेही.

आणि मग लक्ष्मण आला. लक्ष्मण म्हणजे महापालिकेकडं गटारी उपसायला ठेकेदाराचा माणूस. मूळचा मुरगूडकडचा. मॅनहोलमध्ये उतरताना पाय मोडला तेव्हा सिस्टरच्या वॉर्डात होता, त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. सिस्टर त्याच्या घरी जात राहिल्या, जयंती नाल्याच्या काठच्या वस्तीत. पुढं तो, त्याची बायको सगुणा आणि दोघं लेकरं चर्चला यायला लागली. बाप्तिस्मा झाला. लक्ष्मणचा आवाज! गावाकडं भजनात गायलेला माणूस तो. टाळ घेऊन त्यानं पहिल्यांदा येशूचं भजन म्हटलं तेव्हा अंगावर काटा आला. थोरात सरांनी स्वतः जाऊन त्याची पाठ थोपटली. नव्या मंडळीत गेलेली पोरं त्याला ऐकायला परत आली. लक्ष्मणशिवाय रविवार होईना झाला.

त्याच सुमारास सिस्टरनी डबे सुरू केले. प्रत्येक घरानं रविवारी डबा भरून आणायचा, चर्चच्या व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवायचा. उपासना झाली की ज्यानं त्यानं एक डबा उचलायचा, फक्त आपला सोडून. "आपल्या घरचं रोजच खाताय. हितं दुसऱ्याच्या हातचं खायचं." पहिले काही रविवार अशी मजा आली की काय सांगू. कुणाच्या डब्यात तांबडा रस्सा, कुणाच्या डब्यात नुसती खिचडी. थोरातबाईंची आमटी पिचकवणी असते हे त्रेचाळीस वर्षांनी जगाला कळलं.

एक डबा मात्र टेबलावर उरायचा. डब्यांवर नावं होती ना! मीच घातलेली. लोक नाव वाचून उचलायचे आणि सगुणाचं नाव वाचलं की हात पुढच्या डब्याकडं जायचा. शेवटी सिस्टर तो डबा उचलायच्या. लक्ष्मणचं गाणं सगळ्यांना पाहिजे होतं, सगुणाचा डबा नको होता.

आता आमची जात काय, तेही सांगतो. आमची जुनी घराणी म्हणजे शाळा आणि दवाखाना, इस्त्रीचे शर्ट. पण चार पिढ्यांमागं आम्ही सगळेच गावकुसाबाहेरचे. माझा पणजा पहिल्यांदा मिशनच्या साहेबाच्या टेबलावर सगळ्यांबरोबर जेवला आणि घास तोंडात घेऊन रडला, ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळाला सांगतात. ज्या एका जेवणासाठी आम्ही बाप्तिस्मा घेतला, त्या जेवणात आम्ही सगुणाचा डबा बाजूला सारत होतो. थू आमच्या जिनगानीवर.

सिस्टरना वाटलं, दोष नावांचा आहे. त्या माझ्याकडं आल्या. "शमू, भांडी बाजारातनं एकसारखं डबं आणल्यात. एका साच्यातलं. ह्यावर नाव घालायचं न्हाय. कुणी आणून दिलं तरी न्हाय. ऐकलंस?" प्रत्येक घराला एकेक डबा दिला. आणि नवा नियम काढला. जो डबा खाल्ला तो धुऊन आपल्या घरी न्यायचा, पुढच्या रविवारी भरून आणायचा. म्हणजे डबा कुणाचाच नाही, फिरत राहणार. टेबलावर ते सगळे डबे रांगेनं ठेवले की सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहायच्या. त्यांना स्वतःचं लेकरू नव्हतं, पण ती नजर मी ओळखतो.

नऊ-दहा दिवसांनी थोरात सर दुकानात आले. पिशवीत तीन डबे, स्वतःचा आणि दोन भावांचे. "शमू, बुडाला एवढासा ठिपका घाल. नाव नको. ठिपका."

"कशाला सर?"

"ओळखायला रे." मग जरा खाली वाकून, "बाई भोळ्या आहेत. लोकांच्या घरी आजारपणं असतात, स्वच्छतेचा प्रश्न असतो. कुणाला दुखवायचं नाही आपल्याला. म्हणून तर गुपचूप."

मला कळलं. तिथल्या तिथं कळलं. मी सुई सुरू केली आणि तीन ठिपके घातले. एका ठिपक्याला किती वेळ लागतो? श्वास घ्यायला लागतो तेवढा. मग एकेक करून सगळी यायला लागली. क्लार्क आला, ज्यानं रडून साक्ष दिली होती तोच. त्याचा भाऊ आला. पाळकीणबाई पदराखाली डबा लपवून आल्या. मी माझ्याही डब्याला घातला. बायको म्हणाली म्हणून घातला, असं म्हणायला बरं वाटतं, पण ती काहीच म्हणाली नव्हती.

बस. ठिपकेवाल्यानं ठिपका चाचपून उचलायचं आणि ठिपकेवालाच डबा घरी न्यायचा. एकाच टेबलावर दोन पंगती झाल्या. बिनठिपक्याचे डबे फक्त दोन उरले, सगुणाचा आणि सिस्टरचा. ते दोनच एकमेकांत फिरत राहिले.

सिस्टरना काय आनंद! "आज बी सगुणाचीच भाकरी आली बग माझ्या वाट्याला. प्रभूची मर्जी!" मोठमोठ्यानं सांगायच्या आणि वांग्याचं भरीत बोटानं पुसून खायच्या. नळापाशी उभे असलेले आम्ही सगळे एकमेकांकडं न बघता डबे घासायचो. दोन महिने हे चाललं.

फुटलं ते मिठावरनं. सिस्टरना बीपी होतं, त्यांच्या स्वयंपाकात मीठ नावाला. एका रविवारी जेवताना सगुणा हसत म्हणाली, "सिस्टर, रागावू नका, पर आमटीत मीठ घाला की वाईच. दोन म्हैनं झालं, अळणी खातोय." लक्ष्मणनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. सिस्टर हसायला लागल्या आणि हसता हसता थांबल्या. "दोन म्हैनं? दर रविवारी माझाच डबा?" सगुणा खाली बघायला लागली. सिस्टर उठल्या. नळावर धुऊन उपडे घातलेले डबे होते, त्यांच्या बुडांवरनं एकेक करून बोटं फिरवली. नाडी बघायच्या त्याच बोटांनी. चप्पल घातली आणि घरी गेल्या.

सोमवारी राऊंडवर त्या फक्त माझ्याकडं आल्या. एक डबा टेबलावर उपडा ठेवला.

"ह्यो ठिपका कुणाच्या हातचा?"

कोल्हापुरात माझ्याशिवाय नावं घालणारे आणखीही आहेत. मी तसं म्हणू शकलो असतो. "माझ्या," म्हटलं.

"कशासाठी ते ठाव हुतं?"

"...हुतं."

"माझ्याकडं यायचं हुतंस की रं. एक शब्द टाकायचा हुतास." चहा आलेला होता. त्यांनी घेतला नाही. "मी दोन म्हैनं नाचत हुतो, प्रभूची मर्जी, प्रभूची मर्जी. येडी म्हातारी. सगळी बगत हुतासा."

सुईचं बटण दाबायला हात जात होता, आवाज तरी होईल म्हणून.

"एक काम कर, शमू. रविवारी साक्षीला उभा ऱ्हा. कुणाचं नाव घेऊ नको. फकस्त येवढं म्हण, ठिपका मी घातला, आनि ह्यासाठी घातला. फुडचं मी बघतो. एकजण उभा ऱ्हायला की दुसरा ऱ्हातोय, मी बगितलंय." त्यांनी माझं मनगट धरलं नाही. हात धरला, दोन्ही हातांनी. "हे चर्च मेलंय का जित्तं हाय, तेवढं मला बगू दे."

मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणतो.

तो आठवडा मला झोप नव्हती. रविवारी साक्षीची वेळ आली. सिस्टर पुढच्याच बाकावर, मान वळवून माझ्याकडं बघतायत. मी उभा राहिलो. डावीकडं थोरात सर. उजवीकडं तो क्लार्क. मागं सगुणा, डोक्यावर पदर घेऊन. सगळ्या चर्चला माहीत होतं मी कशाला उठलोय, कारण इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती. मी घसा खाकरला आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं म्हणून देवाचे आभार मानले.

"आमेन!" मंडळी म्हणाली. उभ्या जन्मात माझ्या कुठल्या शब्दाला इतक्या जोरात आमेन मिळालं नाही. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती.

उपासनेनंतर सिस्टरनी टेबलावरनं दोन डबे उचलले, बोटांनी बुडं चाचपून. व्हरांड्याच्या पायरीवर सगुणा आणि लक्ष्मण बसले होते, त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी नळापाशी होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"सगुणा, मला माफ कर. मला ठाव न्हवतं."

"काय, ठिपका व्हय?" सगुणा म्हणाली. "आमाला पयल्या रविवारपास्नं ठाव हाय की, सिस्टर. भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटाला कळत न्हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाईसा?"

"तुमी किती खूश हुतासा," लक्ष्मण म्हणाला. "आमाला काय, आयुष्यभर असंच खाल्लंय. म्हटलं सिस्टरचं मन कशाला मोडा."

सिस्टर पायरीवर बसल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत. डबा उघडून जेवायला लागल्या, आणि जेवण संपल्यावर ती सगळी उठून गेली. परत आली नाहीत, ना सिस्टर, ना लक्ष्मण, ना सगुणा. सोमवारी राऊंडला कुणी आलं नाही. सिस्टरच्या दारात राऊंडला कोण जाणार? मला जावंसं वाटलं होतं. वाटण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

वडिलांची बैठक झाली. डब्यांमुळं 'गैरसमज' होतात असं ठरलं. डबे खोलीत कोंडले आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी केटरर सांगितला. बुफे. ज्यानं त्यानं आपलं ताट घ्यायचं, आपलं वाढून घ्यायचं, कुणाच्या हातचं खायचा प्रश्नच नाही. बाक अजून भरतात. गाणं छान होतं, लक्ष्मणच्या चालीवर, लक्ष्मणशिवाय. बाहेरगावचे पाहुणे येतात, म्हणतात, काय जिवंत मंडळी आहे! वर्षाच्या सभेत थोरात सरांनी नवजीवनाचा अहवाल वाचला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

सिस्टरना मी शेवटचं बघितलं ते त्यानंतर सहा-सात महिन्यांनी. रविवारच होता. लग्नघरची समई पोचवायची म्हणून उपासना संपताच स्कूटर काढली होती. सकाळपासून पोटात एक कप चहा. नाल्याच्या काठानं चाललो होतो, तर टाळ ऐकू आला. लक्ष्मणच्या दारात ताडपत्री अंथरलेली, वस्तीतली दहा-बारा माणसं, बायका, लेकरं. लक्ष्मण गात होता आणि त्याच्या शेजारी सिस्टर, भलत्याच चालीत, तोंड उघडून. मध्ये डबे. बिनठिपक्याचे दोन, आणि बाकीची घरोघरची पातेली, वाडगी, जे असेल ते.

मी जोरात निघून जाणार होतो. पण सिस्टरनी बघितलं.

"सलाम शमू!" गाणं तसंच टाकून त्या पाय ओढत रस्त्यापर्यंत आल्या. बारीक झाल्या होत्या. घड्याळ छातीवर होतंच. "उतर की. आता बसायलाच लागलोय. जेवलास का?"

मागनं सगुणानं भाकरीचा अर्धा तुकडा मोडून त्यावर ठेचा घालून पुढं केलाही होता. कसला राग नाही, काही नाही. ठेच्याचा वास नाकात गेला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी स्कूटर बंद केली नाही. एक पाय जमिनीवर ठेवून म्हटलं, "जेवून आलोय, सिस्टर."

नंतर बायकोला मी सांगितलं की लाज वाटली म्हणून नाही म्हटलं. लाजही होती. पण सगुणाच्या हाताकडं बघून माझा हात मागं आला, ते लाजेनं नव्हतं. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

सिस्टरनी माझं मनगट धरलं. घड्याळाकडं बघितलं. ओठ हलत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलं, की मला तसं वाटलं, कोण जाणे. मग मनगट सोडलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "जा मग."

समई पोचवून घरी गेलो तेव्हा अडीच वाजले होते. बायकोनं विचारलं, जेवून आलात का? मी नाही म्हटलं. तिनं ताट वाढलं.